श्रावण पाळणाऱ्या कोंबड्या

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी जेवायच्या त्या कोंबड्या. मग मामंजी, मग त्यांचे दोघे मुलगे, मग माझ्या तीन पोरी, मग आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, आणि उरलंसुरलं आम्हा दोघी सुनांचं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. ताटं वाढायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून कुणाच्या वाट्याला काय आलं ते मला पक्कं आठवतं. धाकट्या जावेच्या वाट्याला काय आलं ते तर फारच चांगलं आठवतं, कारण ते मी ठरवायची.

एकोणीसशे तीस साल ओलांडून चारपाच वर्षं झाली असतील. जळोचीला आमचा मळा होता. कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, पाटाच्या कडेनं वांगी, मेथी, काकडी. भाजी बारामतीच्या बाजारात जायची. खाऊन-पिऊन सुखी घर, पण मामंजींना सुखानं बसवत नसे. कुणी नवं काही दाखवलं की ते आपल्या मळ्यात पाहिजेच. एका चैत्रात सरकारी शेतकी खात्याचा माणूस डालग्यात सहा पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या आणि एक शिवलेलं पोतं घेऊन आला. कालव्याच्या बंगल्यावर साहेब उतरायचा, त्याला रोज ताजी अंडी लागायची. ती आमच्याकडून जाणार असं मामंजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. साहेबाच्या ताटात आपल्या घरचं अंडं! पुढं सहा महिने ते हेच सांगत हिंडत होते, बाजारात, चावडीवर, न्हाव्याच्या पुढ्यात डोकं देऊन बसलेले असतानासुद्धा.

गावठी कोंबडीचं आम्हाला काही नवं नव्हतं. ती उकिरडा उकरते, पोट भरते आणि मनात आलं तर अंडं घालते. ह्या बायांचं तसं नव्हतं. त्या माणसानं ओसरीवर बसून अर्धा दिवस मामंजींना शिकवलं आणि मी दाराआडून ऐकलं. पोत्यात भरडलेला मका, गव्हाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि वाळल्या मासळीची पूड मिसळलेली होती, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या पुरचुंडीत होता. रोज सकाळी हा साहेबी दाणा मापानं घालायचा, त्यानं अंडं धरतं. दुपार कलली की कोंबड्या पाटाच्या कडेला मोकळ्या सोडायच्या, म्हणजे त्या किडे, गांडुळं, कोवळं गवत टिपतात. सांजच्याला कोंडायच्या आधी ज्वारीची मूठ किंवा भाजीची साल, तीही लाडापुरती. "लाड जास्त झालं की त्या दाणा सोडत्यात," तो म्हणाला, "आन दाणा सोडला की अंडं गेलं. तिन्ही गोष्टींचा मेळ पायजे. ह्यातली येक जरी काढली तरी बाकीच्या दोन फुकट."

मामंजींनी मान डोलावली. त्यांना काडीचं समजलं नव्हतं. मला समजलं होतं, पण मला विचारतंय कोण?

कोंबड्यांचं काम धाकटीकडं दिलं. ती वरकुट्याची. कोरडवाहू गाव, तिथं पाणी बघायला मिळत नाही असं आमच्याकडं कुणीही म्हणायचं आणि ती हसायची. एकोणीस वर्षांची होती, हसायला काही लागायचं नाही तिला. पहिल्या महिन्यातच त्या कोंबड्या तिच्या मागं मागं हिंडायला लागल्या. ती मोठ्या पाटावर धुणं धुवायला बसली की सहाच्या सहा तिच्या भोवती. काकडीची साल, कलिंगडाचं बी, मेथीच्या काड्या, जे हाताला येईल ते त्यांना टाकायची, पण माप तिचं चुकत नसे. सकाळचा दाणा संपल्याशिवाय साल नाही. "आदी जेवान, मग खाऊ," असं कोंबड्यांना बजावून सांगायची बया! मला त्या बोलण्याचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. रोज पाच अंडी, कधी सहा. ती पदरात धरून यायची आणि मामंजी तिला "लेकी" म्हणायचे. मी बारा वर्षं त्या घरात राबले, मला त्यांनी कधी लेकी म्हटलं नाही.

त्यातच तिला दिवस गेल्याचं कळलं. आषाढ लागेपर्यंत पोट दिसायला लागलं. पोट पुढं टोकदार आलंय, मुलगाच होणार, असं आत्याबाईंनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली. माझ्याकडं बघून सांगायच्या. माझ्या तीन पोरी तिथंच अंगणात खेळत असायच्या. मी मूग गिळून भाकरी थापायची आणि धाकटीच्या ताटात एक भाकरी कमी टाकायची. दोन जीवांची बाई, तिला दुप्पट भूक. आमटी वाढताना मी पळी वरच्या वर फिरवायची, म्हणजे पाणी येतं, डाळ तळाला राहते. ती काही मागत नसे. मागितलं असतं तर कदाचित दिलं असतं. खोटं कशाला बोलू, नसतं दिलं.

श्रावण लागला. आमच्या घरात श्रावण कडक. कांदा-लसूणसुद्धा बंद, मग मांस-मच्छीचं नाव कुठलं! पहिल्याच सोमवारी आत्याबाई महादेवाला जायला निघाल्या आणि धाकटी खुराड्यापुढं दाणा कालवत बसली होती. पावसाळी हवेत मासळीच्या पुडीचा वास सुटला होता. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला.

"ह्ये काय कालिवतीस गं?"

"दाना हाय, आत्याबाई. रोजचाच."

"ह्यात मासळी हाय?"

"हाय की. त्या माणसानं सांगितल्यालं."

झालं! पूजेचं ताट तसंच ओसरीवर ठेवून आत्याबाईंनी पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं आणि ते गोठ्याच्या माळ्यावर टाकायला लावलं. माझ्या घरात राहायचं तर श्रावण पाळायला पाहिजे, माणसानं पाळायला पाहिजे तसा जनावरानंही, असं त्यांचं म्हणणं. शिंपल्यांचा चुरा वेगळा होता, तोही गेला, कारण शिंपलं म्हणजे पाण्यातला जीवच. धाकटीनं विचारलं, मग दुपारच्याला तरी सोडू का? त्यावर आत्याबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की काय सांगू. "सोडतीस? किडं खाऊन त्यांचा श्रावण मोडाया? महिनाभर खुराड्यातच ऱ्हाऊ देत." कोंबड्यांना नुसती ज्वारी घालायची, आणि सोमवारी दिवसभर काहीच नाही, सांजच्याला उपास सोडायच्या वेळी भगरीची मूठ. सहा विलायती कोंबड्या महादेवाचा सोमवार करत होत्या. बारामतीच्या बाजारात हे सांगितलं तर लोक पोट धरून हसले असते. आमच्या अंगणात कुणी हसलं नाही. मामंजी म्हणाले, बायकांच्या धर्मात मी पडत नाही. अंडी तेवढी बंगल्यावर गेली पाहिजेत, कारण साहेबाला श्रावण नाही.

मला त्या शेतकीच्या माणसाचं बोलणं आठवत होतं. तिन्हींतलं एक नव्हे, दोन गेली होती. मी बोलले नाही. आत्याबाईंच्या तोंडाला लागायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं म्हणजे मला बघायचं होतं काय होतं ते.

दुसऱ्या आठवड्यात अंड्यांची कवचं पातळ झाली, बोट लागलं तर फुटायची. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या. एकीला बाकीच्यांनी शेपटापाशी टोचून टोचून पार लाल केलं. तिसऱ्या दिवशी ती मेली, तर तिलाही टोचत होत्या. धाकटी तिला बाहेर काढताना रडत होती. मी म्हटलं, "कोंबडी मेली म्हनून रडती, मानूस मेल्यावर काय करशील?" पाच उरल्या. अंडी चारवरून दोनवर आली आणि मग एके दिवशी एकही नाही. बंगल्यावरचा शिपाई रिकामी टोपली घेऊन परत गेला, त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून येत होते. भर दुपार, लख्ख ऊन पडलेलं. खुराड्याच्या फटीतून मला दिसलं. एका कोंबडीनं अंडं घातलं, उठली, वळली आणि चोच मारून ते फोडलं. बाकीच्या धावून आल्या. पिवळं, पांढरं, कवच, ओलं झालेलं भूससुद्धा, सगळं पार पुसून खाल्लं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथं काही नव्हतं. भुकेनं असं होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. मी पाटी उकिरड्यावर ओतली, हात धुतले आणि स्वैपाकाला लागले.

संध्याकाळी आत्याबाईंनी निवाडा दिला की धाकटी अंडी पिते. डोहाळे लागलेत, चोरून कच्चीच पिते, तेही श्रावणात. तिला अंगणात उभी केली. ओसरीवर मामंजी, आमचे मालक, भावजी. भावजी म्हणजे तिचा नवरा, आईपुढं ज्याला कंठ फुटत नसे असा माणूस.

"म्या न्हाय खाल्ली, आत्याबाई," ती म्हणाली. "कोंबड्याच आपली अंडी खात्यात. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"आगं, कुठं कोंबडी आपलंच अंडं खाती व्हय? आई हाय ती!" आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "थोरले, तूबी त्याच अंगणात असतीस. तू बघितलंस काय आसं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. धाकटीपण.

"न्हाय बा," मी म्हणाले. "म्या न्हाय बघितलं."

इतकं सोपं होतं ते. जीभ अडखळली नाही की काही नाही.

मग आत्याबाईंनी तांब्याभर कोमट पाण्यात मूठभर मीठ कालवलं आणि सांगितलं, पी. पोटात अंडं असेल तर बाहेर येईल, नसेल तर तू खरी. सहा महिन्यांची पोटुशी बाई. तिनं भावजींकडं बघितलं, ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा पिऊन टाकला, कारण तिला खात्री होती की ती खरी ठरणार. मग ती भिंतीला धरून ओकली. ओक ओक ओकली. मला वाटलं हिचं पोर तोंडावाटे येतंय. आत्याबाई वाकून बघायला गेल्या.

अंडं नव्हतं. पेंड होती. बैलांना घालायची शेंगदाण्याची पेंड, चावून चावून बारीक केलेली.

मला एकटीला माहीत होतं ती पेंड का खात होती. तिचं ताट माझ्या हातात होतं ना! एक भाकरी आणि वरचं पाणी, त्यावर सोमवारचे उपास, त्यावर दोन जीव. ती गोठ्यात जाऊन बैलांच्या पाटीत हात घालत होती. वाटलं, आता ती सांगते. आता म्हणते, ह्या थोरल्या अक्का मला जेवायला वाढत नाहीत.

ती नुसती पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

"बघा!" आत्याबाईंनी हात नाचवला. "जी बैलाच्या तोंडचं खाती, ती अंडं सोडील व्हय? हिच्या पोटाला काय खाऊ न् काय नगं ह्येची शुद्ध हाय का?" मामंजी उठून आत गेले. त्यांनी आता तिला लेकी म्हटलं नाही. चौथ्या दिवशी बैलगाडी जुंपून भावजींनी तिला वरकुट्याला पोचवली. गाडीत बसताना तिनं माझ्या पोरींचे गालगुच्चे घेतले आणि मला वाकून नमस्कार केला. मला तिचा संताप आला. नमस्कार कसला करते!

मग कोंबड्या माझ्याकडं आल्या. मी त्यांना आत्याबाईंनी सांगितलेलंच घातलं, दाणाभर जास्त नाही. अंडी अर्थातच मिळेनात. आता मात्र आत्याबाई पेचात पडल्या, कारण मला डोहाळे नव्हते. एका दुपारी त्या स्वतःच खुराड्यापुढं पाट टाकून बसल्या. मी तुळशीपाशी वाती वळत होते. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून "आगं बया!" एवढंच निघालं. मी वर बघितलं. कोंबडीच्या चोचीतून बलक गळत होता. आत्याबाईंनी ते बघितलं, मग मला बघितलं, आणि मला काहीच नवल वाटलेलं नाही हेही त्यांनी बघितलं. बाई फार हुशार.

"कुनाला बोलू नगंस," त्या म्हणाल्या.

"न्हाय बोलत," मी म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून त्या दिवसाइतकं आमचं एकमत कधी झालं नव्हतं. श्रावण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी अंडी फोडणाऱ्या दोघींना कापलं. आत्याबाईंनी मसाला वाटला, मी रस्सा केला. मामंजींनी विचारलं, ह्या का कापल्या, तर आत्याबाई म्हणाल्या, म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी दोन वेळा रस्सा घेतला. चांगला झाला होता. पोतं माळ्यावरून खाली आलं, शिंपल्यांचा चुरा आला, दुपारच्याला कोंबड्या पाटाच्या कडेला गेल्या, आणि महिन्याभरात उरलेल्या तिघी पुन्हा टणक कवचाची अंडी द्यायला लागल्या. मामंजी गावात सांगत सुटले की बघा, धाकटी गेली आणि अंडी आली. ह्याहून मोठा पुरावा कशाला पाहिजे?

कार्तिकात वरकुट्याहून निरोप आला, मुलगा झाला. आत्याबाई बारशाला गेल्या नाहीत. जायचं तर कुठल्या तोंडानं? पण मामंजींचा जीव नातवात अडकला. फाल्गुनापर्यंत त्यांनी कसंबसं धरलं, मग एके सकाळी मला बोलावलं. एकीकडं भावजींसाठी इंदापूरकडचं एक स्थळ आलेलं होतं, आत्याबाईंनी ते जवळजवळ पक्कं केलं होतं. मामंजी म्हणाले, "थोरले, तू जा. बायामानसाचं बायामानूस ऐकतं. तिला म्हनावं, मी अंडी खाल्ली, चुकले, येवढं कबूल कर आन पोराला घिऊन नांदाया ये. मी ह्ये दुसरं लगीन मोडतो." ओसरीच्या खांबाला टेकून भावजी उभे होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, माझ्या हातात त्यांचा जीवच ठेवल्यासारखं.

भाड्यानं माणसं नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारीनं मी इंदापूरच्या रस्त्याला लागले, उतरून पुढं चालत गेले. माळरानच सगळं. ती दारात सूप घेऊन बसली होती. खांद्यावर पोर झोपलेलं, गोरंपान, भावजींच्या तोंडवळ्याचं. तिनं मला पाणी दिलं, गूळ दिला. पोराला माझ्या मांडीवर ठेवलं. ती वाळली होती, पण हसत होती. मी मामंजींचा निरोप सांगितला.

हसणं थांबलं. "न खाल्लेलं कबूल करू व्हय, अक्का? ह्या पोराला म्होरं काय सांगू, तुजी आई चोर हुती?"

"आगं, येका शब्दाचा परश्न हाय."

"व्हय. येका शब्दाचाच हाय," ती म्हणाली. "त्यो तुमी बोला. त्या दुपारी तुमी पाटी घिऊन खुराड्यापाशी उभ्या हुतात. मी पल्याडच्या अंगाला बसल्याली. तुमी बघितलं, मीबी बघितलं."

मी मांडीवरचं पोर सावरलं. "मग त्या सांजच्याला माजं नाव का न्हाय घेतलंस?"

"मला वाटलं, तुमी सोताहून सांगाल. आन न्हाय सांगितलं, तवा म्हनलं, चारचौघांत ह्यांना खोटं कशाला पाडू? मला तुमच्याच हाताखाली नांदायचं हुतं की." तिनं पोराच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "पेंडीचंबी म्हनूनच बोलले न्हाय. जाऊ द्या त्ये. तुमी मामंजींम्होरं येवढं म्हना, की म्या कोंबडीला अंडं खाताना बघितलं हुतं. बास. मला माफी नगं, काय नगं. सांगावा धाडा, मी त्याच दिशी पोराला घिऊन येती. तुमच्या पोरींचीबी लई याद येती मला."

मी म्हटलं, बोलते. तिनं माझे पाय धरले.

परतीच्या मोटारीत मी ते वाक्य मनात घोळवत होते. म्या कोंबडीला अंडं खाताना बघितलं हुतं. खरंच, बोलायचं ठरवूनच निघाले होते मी. पण बारामती जवळ यायला लागली तसं मला दिसायला लागलं, की ती येईल, मांडीवर मुलगा घेऊन ओसरीवर बसेल, मामंजी तिला लेकी म्हणतील, आणि सगळं घर मला ओळखेल. आज इतक्या वर्षांनीही मी म्हणत नाही की मला कुणाची भीती होती. मला तिचा मत्सर होता. तिच्या मुलाचा, तिच्या हसण्याचा, तिनं गप्प राहून माझ्यावर केलेल्या उपकाराचा तर सगळ्यांत जास्त.

मामंजी अंगणातच उभे होते. भावजी फाटकापर्यंत पुढं आले होते.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं.

"कबूल करत न्हाय," मी म्हणाले. "आन पोरगंबी देत न्हाय."

"आनखी काय म्हनाली?"

"काय न्हाय."

भावजी वळून गोठ्याकडं गेले. वैशाखात त्यांचं दुसरं लग्न झालं.